कुकरचं झाकण

काळी-पिवळी भरल्याशिवाय निघत नाही,
आणि भरली की नाही हे ठरवणार इस्तारी.
नऊ झालो तेव्हा म्हणाला, आणखी तीन.
बारा झालो तेव्हा म्हणाला, आणखी तीन.
मग मी मोजणं सोडून दिलं,
मांडीवरचं झाकण धरून बसले.

झाकण अंगणवाडीच्या कुकरचं.
रबर गेलंय त्याचं. चार दिवस झाले,
बत्तीस लेकरांची खिचडी उघड्या गंजात शिजते,
खाली करपते, वर दाळ दातांत वाजते.
मॅडम म्हणाल्या, बाजाराच्या दिवशी जाऊन या ना,
लागतं किती, अकरा किलोमीटर.

अकरातले दहा
पंचवीस मिनिटांत झाले, खोटं कशाला बोलू.
चुलबंदचा पूल, धानाच्या बांध्या,
वीटभट्टीचा धूर,
एक बकरी अर्ध्या रस्त्यात विचार बदलून
परत गेली, तेवढाच काय तो खोळंबा.

उरला एक.

राइसमिलजवळ ट्रॅक्टर आडवा,
त्याला ओढायला आलेला दुसरा ट्रॅक्टर त्याच्या पुढे आडवा,
पुढे गुरुवारचा बाजार अर्ध्या डांबरावर उतरलेला,
वांग्यांच्या ढिगाला वळसा घालायला निघालेली एसटी
अर्ध्याच वळशात थांबलेली.
कंडक्टर खाली उतरून हात हलवतो,
येऊ दे, येऊ दे, येऊ दे,
कुणाला म्हणतो ते त्यालाच ठाऊक.

इस्तारीनं इंजिन बंद केलं.
ती शांतता सगळ्यांना कळते.
"आता गा?" मागून कुणीतरी.
"आता काय, बसा."

सायत्राबाईच्या टोपल्यात बोडीतल्या मासोळ्या,
वरचं ओलं फडकं सुकत चाललेलं.
दाखल्यासाठी निघालेला तो पोरगा
दर मिनिटाला मोबाइल बघतो
आणि दर मिनिटाला एकच मिनिट झालेलं असतं.
माझ्या गुडघ्यात कुणाचा तरी गुडघा.
पाठीशी पोतं, त्यात काय आहे ते
मला आता पाठीनं सांगता येईल: लसूण.

बिसनजी माझ्या मांडीकडे पाहून म्हणाले,
"इस्टेरिंग तं तुमच्यापाशीच हाये बाई,
चालवा ना मंग."
हसले सगळे. मीही.
नंतर कुणाचं लक्ष नाही बघून
मी झाकण दोन्ही हातांनी धरलं
आणि हळूच डावीकडे फिरवलं.
वांगीवाली हलली नाही.

शिट्टी पर्समध्ये होती, कागदात गुंडाळलेली.
बाहेर सगळे हॉर्न वाजवत होते.
वाटलं, आपलंही रबर गेलेलंच आहे.
आच पुरती लागते,
वाफ कडेकडेनं निघून जाते,
"काय बाप्पा", "कायची गा शिस्त", "जाऊ द्या",
शिट्टी काही होत नाही.

पाऊण तासानं उतरलेच.
"तिकीट पूरं लागते बाई," इस्तारी म्हणाला,
"पायी गेल्या तरी."
दिलं. झाकण डोक्यावर घेतलं, ऊन होतं,
बैलाच्या शिंगाखालून, आरशाला पदर अडकवत,
टेम्पोच्या आणि भिंतीच्या मधल्या
माणूसभर फटीतून
चाळीस गाड्या मागे टाकल्या.
आयुष्यात एवढ्यांना कधी मागे टाकलं नव्हतं.
दुकानाची पाटी दिसली तेव्हा
जवळजवळ पळतच होते.

कुलूप.

पानठेल्यावरचा म्हणाला,
"काका जेवाले गेले होते ना घरी.
निंघाले म्हने, पन फसले तिकडंच, राइसमिलपाशी.
पांढरी स्कूटी, मांगं सिलेंडर बांधलेलं.
नाही दिसली?"

दिसली होती.
मीच तर म्हटलं होतं त्यांना,
काका, जरा मागे घ्या हो,
पाय ठेवायपुरती जागा द्या.